पाच पायऱ्या

जमिनीपासून विमानाच्या दारापर्यंत मोजून पाच पायऱ्या होत्या. त्या पाच पायऱ्या आईला चढवायला चार माणसं लागली, आणि तेवढा वेळ तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

चौघंही सामान चढवणारे लोडर. दिवसभर बॅगा उचलून दमलेले असणार, तरी एकाच्याही तोंडावर त्रासिकपणा नव्हता. "आजी, घाबरू नका", "सावकाश रे, डावीकडून सांभाळ" असं म्हणत त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. मधल्या पायरीवर तिच्या पायांवरची चादर घसरली, तेव्हा खालच्याने एका हाताने खुर्ची तोलून धरली आणि दुसऱ्या हाताने चादर नीट केली. मी मागे तिच्या चपला हातात धरून उभी होते.

जागेवर बसल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. विमान ढगांच्या वर गेलं तेव्हा खिडकीकडे बघतच म्हणाली, "सगळी चांगली होती गं माणसं. पण मी काही सामान नव्हे."

छोट्या विमानतळांबद्दल बोलणं निघालं की लोक एकतर तिथल्या गैरसोयींची यादी वाचतात, नाहीतर तिथल्या घरगुती वातावरणाचं कौतुक करतात. मला दोन्ही खरं वाटतं. त्या पायऱ्यांवर मी दोन्ही एकाच वेळी पाहिलं आहे, आणि आईच्या त्या वाक्याला अजून मला पुरतं उत्तर सापडलेलं नाही.

गोंधळ एका अक्षराचा होता. चाकांची खुर्ची लागणाऱ्या प्रवाशांसाठी जगभरच्या विमान कंपन्या तीन संकेत वापरतात. चार इंग्रजी अक्षरं असतात, त्यातली पहिली तीन सारखीच, शेवटचं तेवढं बदलतं. शेवटी 'आर' असेल तर प्रवाशाला पायऱ्या चढता येतात, फक्त लांबवर चालवत नाही. 'एस' असेल तर पायऱ्या जमत नाहीत, पण आत गेल्यावर आपल्या जागेपर्यंत जाता येतं. 'सी' म्हणजे थेट जागेवर बसवेपर्यंत मदत लागणार. आईची डावी बाजू अर्धांगवायूने गेली होती, तिला 'सी' हवं होतं. तिकीट काढताना पलीकडच्या माणसाने "व्हीलचेअर ना? टाकतो" म्हणून 'आर' टाकलं. मलाही तेव्हा यातला फरक ठाऊक नव्हता, नाहीतर मी विचारलं असतं. विमानातल्या अरुंद वाटेतून नेता येते ती आइल चेअर त्या विमानतळावर होती, पण कुठल्याशा खोलीत कुलूपबंद, आणि किल्ली ज्याच्याकडे तो सकाळची पाळी संपवून घरी गेलेला. आमच्यासाठी ती काढून ठेवायची असा निरोप कुणाला गेलाच नव्हता. तुमच्या घरी कुणाला खुर्ची लागत असेल तर तिकीट हातात आल्यावर एवढं एक अक्षर बघून घ्या, आणि चुकलं असेल तर प्रवासाच्या दोन दिवस आधी तरी बदलून घ्या.

अर्थात त्या पायऱ्यांपर्यंत पोचायलाच आम्हाला साडेसहा तास लागले होते.

दुपारचं विमान होतं. ढग खाली उतरले होते, पाऊस थांबून थांबून पडत होता. ठरल्या वेळेच्या आसपास विमानाचा आवाज आला. सगळा हॉल उठून काचेपाशी गेला. आवाज डोक्यावरून गेला, लांब गेला, पुन्हा आला, आणि मग गेला तो गेलाच. वैमानिकाला धावपट्टी दिसली नव्हती. मोठ्या विमानतळांवर आयएलएस नावाची यंत्रणा असते. तिच्या रेडिओलहरींच्या आधाराने वैमानिक जमिनीपासून दोनशे फुटांपर्यंत खाली येतो आणि तिथे धावपट्टी दिसते का ते बघून पुढचं ठरवतो. ती यंत्रणा नसेल तर त्याला बरंच वर असतानाच ठरवावं लागतं. त्यामुळे त्याच ढगात मोठा विमानतळ चालू राहतो आणि छोटा बंद पडतो. हे मला त्याच दिवशी कळलं. एक कर्मचारी हॉलभर फिरून प्रत्येकाला वेगवेगळं समजावून सांगत होता. ध्वनिक्षेपक होता, पण तो म्हणाला, "त्यावरून सांगितलं की लोकांना नुसतं 'रद्द' एवढंच ऐकू येतं."

विमान परत जाऊन तेल भरून पुन्हा येणार होतं, ढग वर सरकले तर. तोवर संध्याकाळ होणार. छोट्या विमानतळांना 'वॉच अवर्स' असतात, म्हणजे विमानतळ चालू राहण्याच्या ठरलेल्या वेळा. त्या संपल्या की टॉवरमधला माणूस, अग्निशमनवाले, सुरक्षावाले सगळे घरी जातात, आणि मग वर कितीही घिरट्या घातल्या तरी विमानाला उतरता येत नाही. आमच्यासाठी वॉच अवर्स वाढवून घेतले गेले. या एका वाक्याचा अर्थ असा की वीस-पंचवीस माणसांनी घरी फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. समोरच्या सुरक्षारक्षक बाईंना मी मुलाशी बोलताना ऐकलं, "तू जेवून घे, गणितं आल्यावर बघते."

आणखी एक अडचण होती. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे जो हॉल होता तिथल्या स्वच्छतागृहाचं दार अरुंद होतं, आईची खुर्ची आत जाईना. रुंद दाराचं स्वच्छतागृह तपासणीच्या अलीकडे. साडेसहा तासांत तीनदा त्या बाईंनी आईला बाहेर नेलं, आणि प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे पुन्हा पूर्ण तपासणी करून आत घेतलं. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "मी पाणीच पीत नाही आता." त्या म्हणाल्या, "प्या हो आजी, मला काही त्रास नाही." त्या मनापासून बोलत होत्या. पण आईने पाणी प्यायलं नाही. दार चार बोटं रुंद असतं तर तिला कुणाला त्रास होतो की नाही याचा हिशेब करावाच लागला नसता.

तिच्या रात्रीच्या गोळ्या सामानात दिलेल्या बॅगेत गेल्या होत्या. ही चूक सर्वस्वी माझी. रक्त पातळ ठेवायची गोळी त्यात होती, ती चुकवून चालणार नव्हतं. मी काउंटरवर सांगितलं आणि पाच मिनिटांत एक लोडर बॅग घेऊन हजर झाला. एकूण चाळीसेक बॅगा, सगळ्या एका ट्रॉलीवर, शेडखाली. मोठ्या विमानतळावर ती बॅग पट्ट्यांच्या जाळ्यात कुठल्या मजल्यावर असती कोण जाणे.

नंतर मी गँडरबद्दल वाचलं तेव्हा हा गोळ्यांचा प्रसंग आठवला. गँडर हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचं जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव. अटलांटिक ओलांडणारी विमानं जेव्हा मध्ये तेल घेतल्याशिवाय पलीकडे पोचत नव्हती त्या काळातला, १९३८ साली सुरू झालेला त्याचा विमानतळ. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेचं आकाश बंद झालं आणि ३८ प्रवासी विमानं तिथे उतरवली गेली, साडेसहा हजारांहून जास्त माणसं. शाळांच्या बसचे चालक संपावर होते, ते संप सोडून गाड्या घेऊन आले. आइस हॉकीच्या मैदानाचं शीतगृह झालं. लोकांनी शाळा, प्रार्थनास्थळं, स्वतःची घरं उघडली. हे सगळं पुष्कळांना माहीत आहे. माझं लक्ष मात्र औषधांवर अडकलं. प्रवाशांचं सामान विमानांतच राहिलं होतं, म्हणजे रक्तदाबाच्या, साखरेच्या, फिट येण्याच्या गोळ्याही तिथेच. गावातल्या औषध दुकानदारांनी देशोदेशीच्या डॉक्टरांना फोन लावून कुणाला काय लागतं ते विचारलं आणि पैसे न घेता औषधं दिली. मोठं संकट आलं की माणसं धावतात हे खरंच, पण धावण्यासाठी आधी कुणाला काय हवंय हे विचारावं लागतं. गँडरने ते विचारलं.

उपचारांसाठी आम्हाला दर दोन-तीन महिन्यांनी जावं लागायचं, त्यामुळे पुढे त्या विमानतळावरची माणसं ओळखीची झाली. विमानाला उशीर असला की मी त्यांना प्रश्न विचारत बसायची. प्रवाशाला विमानतळ म्हणजे हॉल, खुर्च्या, पंखे, स्वच्छतागृह. त्यांच्या दृष्टीने ही सगळी वरवरची सजावट. त्यांचा विमानतळ सुरू होतो तो धावपट्टीवरून पहाटे केलेल्या फेरीने. गाडीतून हळूहळू जायचं, दिसेल तो खडा, स्क्रू, तारेचा तुकडा उचलायचा. २५ जुलै २०००ला पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळलं आणि ११३ माणसं गेली. आधी उडालेल्या एका विमानातून धावपट्टीवर पडलेल्या हातभर लांबीच्या धातूच्या पट्टीने त्याचा टायर फाटला होता. हे मला धावपट्टीची फेरी करणाऱ्या एकाने सांगितलं आणि खिशातून त्या सकाळी सापडलेला बोटभर खिळा काढून दाखवला. गंजलेला, एका बाजूला वाकलेला. "हा आज," तो म्हणाला.

गवताचंही एक शास्त्र आहे. फार आखूड कापलं तर टिटव्या येऊन बसतात, फार वाढू दिलं तर उंदीर होतात आणि उंदरांमागे घारी. अग्निशमनाचं तर आणखी काटेकोर. येणाऱ्या विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यावरून विमानतळाला एक ते दहा अशी श्रेणी असते. साधारण सत्तर आसनांचं एटीआर ७२ हे विमान २७ मीटर लांबीचं, त्याला पाचवी श्रेणी लागते. घंटा वाजल्यापासून तीन मिनिटांच्या आत बंब धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचला पाहिजे. दिवसाला एक विमान येवो नाहीतर वीस, त्या एका विमानाच्या वेळी माणसं बुटात पाय घालून तयारच असली पाहिजेत. वर्षानुवर्षं काहीही घडत नाही आणि तरी ती रोज तयार असतात. मला या नोकरीबद्दल फार आदर वाटतो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला बॅरा नावाचं बेट आहे. तिथे विमानं समुद्राच्या पुळणीवर उतरतात. वाळूवर तीन धावपट्ट्या त्रिकोणात आखलेल्या, टोकांना लाकडी खांब. भरती आली की तिन्ही पाण्याखाली, म्हणून विमानाचं वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरतं. वारा दाखवणारा कापडी पाइप वर चढवलेला असला की समजायचं, विमान येणार, पुळणीवर जाऊ नका. एरवी लोक तिथे शिंपल्या वेचतात. रात्री कुणी अत्यवस्थ झालं तर वाळूवर चकाकणाऱ्या पट्ट्या अंथरतात आणि मोटारींचे दिवे लावून धावपट्टी उजळतात. ऑस्ट्रेलियातली फ्लाइंग डॉक्टर सेवा १९२८ साली क्लोनकरी इथून सुरू झाली, तीही अशाच लोकांच्या भरवशावर. दूरदूरच्या पशुपालकांनी आपापल्या रानात मातीच्या धावपट्ट्या राखलेल्या असतात. डॉक्टरचं विमान येण्याआधी घरातलं कुणीतरी गाडी घेऊन पट्टीभर फिरून येतं, कांगारू हाकलतं, आणि रात्र असेल तर डब्यांत टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या इंधनात भिजवून दुतर्फा पेटवून ठेवतं. घरात रुग्ण तळमळत असताना कुणीतरी एकेक डबा पेटवत चाललंय, हे मी अनेकदा डोळ्यांसमोर आणते.

आणि इझ्मा. रशियाच्या कोमी प्रांतातलं गाव. तिथल्या विमानतळावर विमानं यायची बंद होऊन कित्येक वर्षं लोटली होती, अधूनमधून हेलिकॉप्टर तेवढी उतरायची. सेर्गेई सोतनिकोव्ह हा तिथला प्रमुख. विमानांची धावपट्टी सांभाळणं आता त्याच्या कामात बसत नव्हतं. तरी तो ती झाडत राहिला, उगवणारी झुडपं काढत राहिला, तिच्यावर कुणाला गाड्या उभ्या करू देईना. ७ सप्टेंबर २०१०ला ८१ माणसं घेऊन मॉस्कोला निघालेल्या तुपोलेव्ह विमानातली सगळी वीज हवेतच गेली. दिशादर्शक यंत्रं बंद, रेडिओ बंद, पंखांतलं तेल पुढे ढकलणारे पंप बंद. जेमतेम अर्ध्या तासाचं तेल हाताशी. ढगांखाली येऊन वैमानिक जंगलात मोकळी जागा शोधत होते आणि त्यांना ती पट्टी दिसली, स्वच्छ. त्या विमानाला लागते त्याच्या निम्म्याच्या आसपास लांबीची. तिसऱ्या प्रयत्नात ते उतरले, पट्टी संपल्यावर झाडांत दीडशे-दोनशे मीटर घुसले, आणि ८१च्या ८१ माणसं आपल्या पायांनी बाहेर आली.

ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा तिने विचारलं, "त्याला पगार होता का त्याचा?" नव्हता म्हटल्यावर म्हणाली, "मग द्यायला हवा होता." आधी मला वाटलं तिने त्या गोष्टीतलं मोठेपणच घालवलं. नंतर पटलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता, किंवा तोच एखाद्या वर्षी आजारी पडला असता, तर? आपण अशा माणसांच्या गोष्टी सांगतो आणि त्यांच्या भरवशावर कामं टाकून देतो.

पैशांचा प्रश्न आहेच. वर्षाला दहा लाखांच्या आत प्रवासी असलेले बहुतेक विमानतळ स्वतःच्या कमाईवर चालत नाहीत. अमेरिकेने १९७८ साली विमानसेवा खुल्या बाजारावर सोडली तेव्हाच छोट्या गावांची विमानं बंद पडू नयेत म्हणून सरकारी मदतीची सोय करावी लागली. भारतात २०१६ साली छोटी शहरं विमानाने जोडणारी 'उडान' योजना आली तीही त्याच विचाराने. पण अशा मदतीतून येतं ते विमान. खुर्ची न उचलता विमानाच्या दारापर्यंत नेता येईल असा उताराचा रॅम्प कुणाच्या खात्यात? मी विचारत गेले तेव्हा विमान कंपनीने सांगितलं विमानतळाच्या, विमानतळाने सांगितलं कंपनीच्या. दोघांकडची माणसं नम्र होती, आणि कागद मात्र दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला.

मी एकटीच मागे लागले होते असं नाही. डायलिसिससाठी जाणारे एक गृहस्थ होते, जुळ्या बाळांची एक आई होती, एक निवृत्त शिक्षक होते ज्यांना स्वतःला काही लागत नव्हतं पण पत्र लिहिण्यात हातखंडा होता. विमानतळाच्या सल्लागार समितीपुढे आम्ही चौघं गेलो. तिथे शिक्षकांनी गणित मांडलं. विमानाचं दार जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. खुर्चीसाठी उतार बाराला एक असावा, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. सव्वा मीटरला पंधरा. एवढा सरळ रॅम्प विमानाजवळ मावत नाही, म्हणून तो मध्ये वळण असलेला, चाकांवर ओढून नेता येणारा हवा. वीज नको, इंजिन नको, चालवायला वेगळा माणूस नको. समितीतल्या एकाने विचारलं, महिन्यात असे प्रवासी किती? शिक्षक म्हणाले, "येणारे मोजलेत, ते ठीक. पायऱ्या आठवून घरीच राहिलेले कसे मोजाल?" खोली जरा वेळ गप्प झाली.

त्या दोन वर्षांत आई उचलूनच चढत होती. बदल झाला तो वेगळाच. पहिल्या खेपेतला चादर नीट करणारा लोडर तिसऱ्या-चौथ्या वेळी पुन्हा आमच्या वाट्याला आला. बाकीचे तिघं खुर्चीला हात घालणार तेवढ्यात त्याने त्यांना थांबवलं, आईसमोर उकिडवा बसला आणि विचारलं, "आजी, कुठं धरलं तर दुखत नाही?" आईने सांगितलं, डाव्या दंडाला हात लावू नका, खुर्ची मागे फार कलती करू नका, आणि तीन म्हणाल तेव्हाच उचला. त्याने तिघांना तसंच सांगितलं. "एक, दोन" त्याने म्हटलं आणि "तीन" आई म्हणाली. त्या दिवशी तिने डोळे मिटले नाहीत.

रॅम्प आला तोवर आईचे प्रवास संपले होते. उपचारांचा उपयोग होता तेवढा होऊन गेला आणि ती घरीच राहू लागली. मी कामानिमित्त एकटी निघाले होते. विमानाला टेकून तो उभा होता, करड्या रंगाचा, मध्ये वळण, दोन्ही बाजूंना कठडे. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीची चाकं स्वतःच्या हातांनी फिरवत वर चालले होते. वळणावर दम खायला थांबले. चादरवाला लोडर शेजारी चालत होता, हात मागे बांधून. त्याने मला ओळखलं, आईची चौकशी केली.

मी जागेवर बसून आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "वळणावर सपाट जागा आहे का? की तिथंही उतारच? चाकं मागं येतील अशानं."

मला नीट आठवेना. दार अजून उघडं होतं. मी उठले, हवाई सुंदरीला विचारलं आणि दारात जाऊन खाली पाहिलं.

"आहे गं," मी म्हटलं. "चांगली ऐसपैस आहे."